एफ्राइमची आई मिसरी होती

कायद्यानं पाहिलं तर योगिनीचा सव्वा महिन्याचा प्रज्वल कुणाचाच नव्हता.

दुसरबीडच्या कायद्यानं पोरगं बापाचं. जात बापाची, कुळ बापाचं, देव बापाचा. आईनं नऊ महिने पोटात वागवायचं आणि पुढं जन्मभर भरवायचं, तेवढं तिचं. म्हणून योगिनीच्या माहेरी सगळ्यांचं एकमत होतं, नातू पेझारकरांचा. आणि पेझारकर, म्हणजे तिचं सासर, पडले बेने इस्राएल, मराठी यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पण कायदा काही त्यांनी समुद्रात पडू दिला नव्हता. तो म्हणत होता, मूल आईचं. आई यहुदी तर मूल यहुदी. आई दुसरबीडची तर मूल दुसरबीडचं, बाप कुणी का असेना.

त्यात दोन्ही घरं पडली सभ्य. पंगतीत शेवटचा लाडू उरला की जसं होतं तसं चाललं होतं. तुम्हीच घ्या हो. छे छे, तुमचाच मान. आणि लाडू आपला मधे पडून लाथा झाडतोय.

योगिनी हे सव्वा महिना पाहत होती. पाहत राहणं हा तिचा स्वभाव आणि काळजी करणं हा पूर्णवेळ धंदा. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून आणि स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेत दोनदा आपटून तिच्याकडं एवढंच कौशल्य उरलं होतं, की कुठल्याही विषयाची जिवापाड तयारी करायची आणि ऐन वेळी भलतंच उत्तर लिहून यायचं.

बाळ झालं तेव्हा सासरे दवाखान्यात आले होते. हनोक सर म्हणजे निम्म्या देऊळगाव राजाला भूमिती शिकवलेला माणूस. दर शुक्रवारी दिवे लागले, की घरातल्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणायचा, ही त्यांच्या घरची रीत. तोही शुक्रवारच होता. सरांचा हात पाळण्यावर आला, बाळाच्या टाळूवर वीतभर अंतरावर थांबला, आणि तिथून वळून त्यांनी आपला चष्मा सारखा केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. योगिनीच्या आलं. टाके ठणकत असतानाही आलं.

आज बाळ पहिल्यांदा तिच्या सासरी आलं होतं, पुन्हा शुक्रवार होता, आणि संध्याकाळी दिवे लागायचे होते. तो हात आज खाली येतो की पुन्हा चष्म्याकडं जातो, एवढाच तिचा प्रश्न होता. पण एवढाच प्रश्न सरळ विचारेल तर ती योगिनी कसली. तिनं बाळाला पाजता पाजता मोबाईलवर अख्खा जुना करार वाचून काढला होता.

स्वयंपाकघरात मलिद्याची तयारी चालली होती. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची आणि वर पाच फळं. घरात काही चांगलं घडलं की एलियाहू नबीच्या नावानं करायचा. सासूबाई, मिरियमबाई, नारळ खोवत होत्या. मोठी नणंद एस्तेरताई त्यासाठी ठाण्याहून मुलीला घेऊन आली होती. तिकडं प्रार्थनालयात ती बायकांचे वर्ग घ्यायची, आणि तिच्यासमोर उभं राहिलं की योगिनीला तोंडी परीक्षेला आल्यासारखं वाटायचं.

"ताई, एक विचारू?" योगिनी केळी पुसत म्हणाली. "मोशेची बायको कोण होती हो?"

मिरियमबाईंची खोवणी थांबली.

"सिप्पोरा," एस्तेरताई पोह्यांतून हात न काढता म्हणाली. "मिद्यानची. तिकडच्या याजकाची मुलगी. आता तू विचारणार, मग तिची मुलं कोण."

"...हो."

"ती सिनाय डोंगराच्या आधीची गोष्ट. मोशेला देवाकडून कायदा मिळालाच नव्हता तेव्हा. मिळाला त्या दिवशी डोंगराखाली जे जे उभे होते ते सगळेच नव्यानं त्यात आले. तीही आली. पुढचं."

"शलमोन राजा?"

"त्याच्या शेकड्यांनी परदेशी बायका. त्यांनी त्याचं मन फिरवलं आणि पुढं राज्य फुटलं. हा साक्षीदार तुझ्या बाजूचा की माझ्या?"

योगिनीनं केळं खाली ठेवलं आणि डाळिंब उचललं. शलमोन तिनं खरं तर काढायलाच नको होता. उत्तरपत्रिकेत कच्चा मुद्दा आधी लिहायची तिची खोड जुनी.

"आणि एस्तेर? तुमच्याच नावाची. पारसच्या, म्हणजे इराणच्या, राजाशी लग्न केलं तिनं."

"तिला विचारलं नव्हतं कुणी. राजाची माणसं उचलून घेऊन गेली." एस्तेरताईनं पोहे झटकले. "माझ्या नवऱ्यानं मला विचारलं होतं. दोनदा."

मिरियमबाई हसल्या, पण लगेच मान खाली घालून खोवायला लागल्या. त्यांची पंचाईत अशी, की त्यांना नातूही हवा होता आणि कायदाही, आणि दोघांना एकाच मांडीवर कसं घ्यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. "अगं, आपला अवि सांगेल ना काहीतरी," त्या म्हणाल्या.

अवि म्हणजे अविनाश, योगिनीचा नवरा. तो बाहेरच्या खोलीत कूलर उघडून बसला होता. घरात वाद निघाला की अविनाशला एखादं यंत्र बिघडलेलं सापडायचंच. लग्नाच्या वेळी त्यानं मिक्सर, इन्व्हर्टर आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटर दुरुस्त केली होती. तोपर्यंत दोन्ही घरं आपसांत भांडून थकली, आणि बुलढाण्याला जाऊन नोंदणी करून आली.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. दुसरबीडचे व्याही आले होते.

इंद्रभान, योगिनीचे वडील, काकड्यांचं कॅरेट घेऊन दारातच उभे राहिले. ते शाळेत हनोक सरांच्याच वर्गात होते. आता शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं काढायचे, पंधरा बायका हाताखाली होत्या, पण सरांसमोर खुर्चीत टेकायचे ते अजून अर्धेच. मागून अन्नपूर्णाबाई आल्या, त्या मात्र पूर्ण बसल्या. बाळाला मांडीवर घेतलं, त्याची नजर काढून बोटं मोडली, आणि पाणी प्यायच्या आधीच मुद्द्याला हात घातला.

"सर, लेकरू आता आपल्या घरी आलं. तुमच्यात घेऊन टाका त्याले."

 योगिनीनं सव्वा महिना जे जुन्या कराराच्या एकोणचाळीस वाटांनी विचारायचं ठरवलं होतं, ते आईनं चपला काढता काढता विचारलं होतं.

हनोक सर आरामखुर्चीत सरळ झाले. "अन्नपूर्णाबाई, घेणारा मी कोण? मी नियम बनवलेला नाही. तोरात, आमच्या धर्मग्रंथात, लिहिलंय, परक्यांशी सोयरीक करू नका. त्याच वाक्यावरून आमच्या जाणत्यांनी काढलं, की मूल आईच्या मागं जातं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मला आवडो न आवडो, एकशे ऐंशीच येते."

"म्हन्जे बापाचं काहीच नाही?" इंद्रभान म्हणाले.

"कायद्यानं नाही."

इंद्रभान विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि योगिनीला कळलं की आता बाबा मदत करणार. बाबांच्या मदतीची तिला फार भीती वाटायची.

"मंग तं बराबर हाय, सर! आमच्या शेडनेटात तसंच असते. मादीच्या वळीची फुलं बाया हातानं उघडतात, नराचा पराग आणून लावतात. पन फळ तोडायचं ते मादीच्याच वळीचं. कंपनी बी घेते ते तिचं. नराच्या वळी काम झालं का उपटून बांधावर फेकतो आम्ही."

खोलीतल्या सगळ्यांनी अविनाशकडं पाहिलं. तो कूलरच्या पंख्यात आणखी खोल वाकला.

"तुम्ही कोनाच्या बाजूनं हाय हो?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"म्या फक्त बियान्याचं सांगतलं."

एस्तेरताई पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली होती. ती इंद्रभानांकडं पहिल्यांदाच जरा आदरानं पाहत होती. "मामा, आमच्या वर्गात हे उदाहरण द्यायला हवं."

"द्या की. प्लॉट दाखवायले घेऊन या सगळ्यायले."

पण अन्नपूर्णाबाईंच्या डोक्यात वेगळंच काही फिरायला लागलं होतं. बाळाला थोपटायचा हात मंद झाला. "बाई," त्या एस्तेरताईला म्हणाल्या, "म्हन्जे तुमच्यात लेकरू बाईचं? कायद्यानं?"

"हो, मामी."

"लिहून ठेवेल हाय?"

"लिहून ठेवलंय."

"माह्या बहिनीले, शालूले, सासरच्यायनं घरातून काढलं, तवा दोन्ही लेकरं ठेवून घेतले. म्हने, आमच्या घरान्याचे हायेत, तू जा. जत्रंत लांबून पाहाची ती त्यायले." अन्नपूर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, उलट बाळाला जरा घट्ट धरलं. "हा कायदा चांगला हाय. काऊन बदलता? राहू द्या."

आणि त्या उठून, बाळासकट, एस्तेरताईच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसल्या.

योगिनीला बसलेला धक्का साधा नव्हता. सख्खी आई, दुसरबीडहून जीप करून येते आणि नणंदेच्या बाजूला जाते! वर तिचं म्हणणं खोटंही म्हणता येत नव्हतं. योगिनीनं ऐकलेल्या, पाहिलेल्या, सोसलेल्या झाडून सगळ्या कायद्यांमध्ये मूल आईचं म्हणणारा हा एकच निघाला होता, आणि ती नेमकी त्याच्याविरुद्ध वकिली करत होती. पण तयारी झालेली होती. तयारी झाली की योगिनी थांबत नसे, मग पेपर रद्द झाला तरी.

"पप्पा," ती म्हणाली, "शुक्रवारी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही काय म्हणता?"

"देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा करो."

"एफ्राइमची आई कोण होती?"

कूलरमधला स्क्रूड्रायव्हर थांबला. सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागासारखं मुळीच नव्हतं. चाळीस वर्षांत मागच्या बाकावरून कधीतरीच एखादा बरा प्रश्न यायचा, तेव्हा ते असे दिसायचे, हे इंद्रभानांनी ओळखलं आणि लेकीकडं अभिमानानं पाहिलं.

"आसनथ," सर म्हणाले. "सांग पुढं."

"मिसरी होती, म्हणजे इजिप्तची. ओन नगराच्या पुजाऱ्याची मुलगी. आमच्याकडं म्हणायचं तर बालाजीच्या पुजाऱ्याची. याकोबाच्या मुलानं, योसेफनं, तिच्याशी लग्न केलं, आणि तिची दोन पोरं जगभरच्या यहुदी पोरांना दर आठवड्याला नमुना म्हणून दाखवतात. का, तर परक्या देशात राहून चांगली निघाली. पप्पा, ज्यांच्या नावानं आशीर्वाद, ती स्वतःच तुमच्या कायद्यात बसत नाहीत."

"दोन उत्तरं आहेत," सर म्हणाले. "पहिलं, तेही सिनायच्या आधीचं. तेव्हा मूल बापाच्या मागं जायचं. दुसरं, काही जाणते सांगतात की आसनथ मुळात आमच्या मूळपुरुषाची, याकोबाचीच नात. त्याची लेक दीना, तिची मुलगी, कशीतरी मिसरात पोचलेली आणि पुजाऱ्याच्या घरी वाढलेली."

"हे पटतं तुम्हाला?"

सरांनी खरंच विचार केला. "नाही. सिद्धतेत एक पायरी कमी पडली, की लोक नंतर बांधून घेतात. पण पायरी डगमगते म्हणून कायदा पडत नाही, सूनबाई."

"मग रूथ!" योगिनी आता थांबण्याच्या पलीकडं गेली होती. "ती सिनायनंतरची. मवाबी, शत्रूच्या देशातली. आणि तिचा पणतू दावीद राजा. मवाबी माणसाला तर दहाव्या पिढीपर्यंत तुमच्यात यायला बंदी होती ना?"

"पुरुषांना," एस्तेरताई म्हणाली. "वाळवंटातून आलेल्या आमच्या लोकांना ते भाकरी-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत, म्हणून ती बंदी. बायकांना नव्हती. बायकांनी वेशीबाहेर यायचं नसतंच, मग त्यांना दोष कसा लावणार?"

"म्हन्जे घरात कोंडून ठेवलं म्हनून सुटल्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "कधी नाही ते कोंडल्याचा फायदा झाला."

सगळे हसले. इंद्रभान सुद्धा खुर्चीत थोडे मागं टेकले. हसणं ओसरल्यावर मिरियमबाई बोलल्या. नारळाची वाटी अजून त्यांच्या हातातच होती.

"रूथ सगळं सोडून आली गं, योगिनी," त्या म्हणाल्या. "सासूला म्हणाली, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. मग तिच्या मुलाला कुणी अडवलं नाही." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळंच योगिनीला पळायला जागा उरली नाही. "तू येतेस का? तू आलीस तर तोही येतो. वेळ लागेल, मुंबईला जावं लागेल, जाणती माणसं शोधावी लागतील. मी येईन की तुझ्याबरोबर. ये."

इतका प्रेमळ प्रश्न तिला या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. आणि याच प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती.

रूथला साक्षीला बोलावताना तिनं रूथच्या मुलाचं पाहिलं होतं, पणतवाचं पाहिलं होतं, तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, बवाजाचं, जवाचं शेत पाहिलं होतं. रूथनं काय केलं त्यावरून मात्र बोट फिरवून पुढं गेली होती. आता डोळ्यांपुढं महालक्ष्म्या आल्या, भाद्रपदात दुसरबीडला उभ्या करतात त्या, पितळी मुखवट्यांच्या, ज्यांच्या साड्यांच्या निऱ्या ती पाचवीत असल्यापासून घालत होती. बालाजीची यात्रा आली. गुरुवारचा उपास आला, जो ती अर्ध्यावर मोडायची, पण मोडायला तरी असायला हवा होता. तिनं तोंड उघडलं. 

बाळ रडायला लागलं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ओलं केलं वाटते," आणि एस्तेरताईनं कपड्यांच्या पिशवीत हात घातला. लंगोटाच्या आधी हातात आले ते बालाजी महाराज. बोटाएवढी तसबीर, काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली, पावडरच्या डब्याखाली दाबून ठेवलेली.

"म्या नाही ठेवले," अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाल्या.

"मी ठेवले," योगिनी म्हणाली.

एस्तेरताईनं तसबीर उलटसुलट पाहिली. तिचा चेहरा बराच वेळ सरळ राहिला, मग एका कोपऱ्यातून सुटला. "राहेलनं सासरी निघताना बापाच्या घरचे देव उंटाच्या खोगिरात लपवून आणले होते. वर स्वतः बसली आणि म्हणाली, मला उठता येत नाही." तिनं तसबीर परत डब्याखाली ठेवली आणि लंगोट काढला. "तू सारखी रूथ रूथ करतेस. तू तर राहेल निघालीस."

या वेळी हसली नाही ती एकटी योगिनी. "मला नाही जमणार, आई," ती मिरियमबाईंना म्हणाली. "सकाळपासून मी तुमच्या मागं लागलेय, तुमचं बदला, तुमचं बदला. आणि माझं मला एवढंसं सोडवत नाही. खोटं हो म्हणाले असते. पण तुम्ही इतकं चांगलं विचारलंत."

मिरियमबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"मग हे सगळं वाचलंस कशाला?" सरांनी विचारलं. "मोशे, शलमोन, आसनथ?"

"भेव वाटलं म्हणून." घाबरली की योगिनीची एम.एस्सी. गळून पडायची आणि दुसरबीड उघडं व्हायचं. "दवाखान्यात पहिल्यांदा उघडलं ते पान एज्राचं निघालं. त्यानं परक्या बायका घालवून द्यायला लावल्या. बायका अन् त्यायच्यापासून झालेली लेकरं. दोघं. मंग मले झोपच नाही लागली. मले वाटलं कुठंतरी उलटं लिहिलेलं असंल, शोधून काढू."

"वेडी आहेस का?" एस्तेरताई म्हणाली. "तुला कोण घालवतंय?"

"कोणी नाही. कोणी काहीच म्हटलं नाही." ती सरांकडं न पाहता बोलली. "पप्पांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत आला होता. मग चष्म्याकडं गेला. मी पाहिलं."

सरांनी मान खाली घातली. इंद्रभान खुर्चीच्या कडेला सरकले. सरांची चूक वर्गात कुणी काढलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि पाहायची त्यांची इच्छाही नव्हती.

"ऊन उतरतंय," शेवटी मिरियमबाई म्हणाल्या. "मलिदा करून घेऊ."

प्रार्थनेला रीतीप्रमाणं दहा पुरुष हवेत. देऊळगाव राजात ते कधीच जमले नव्हते; सर स्वतःला, अविनाशला आणि न दिसणाऱ्या एलियाहूला धरून तीन मोजायचे आणि बाकी सात देवाच्या खात्यावर टाकायचे. आज इंद्रभान हात जोडून मागं उभे राहिले. ते मोजण्यात नव्हते, पण सुरात होते. एस्तेरताईची दहा वर्षांची अर्पिता फळं वाटत फिरली. मग मिरियमबाईंनी दिवे लावले, तोंडावर ओंजळ धरली, आणि शब्बाथ सुरू झाला.

"अवि," एस्तेरताई म्हणाली, "दिवे लागले. स्क्रूड्रायव्हर खाली ठेव."

"एकच स्क्रू राह्यला, ताई."

"खाली."

अविनाशनं तो खाली ठेवला. शब्बाथला काम नाही, म्हणजे उद्या दिवे लागेपर्यंत कुठलंही यंत्र नाही. मोकळे हात घेऊन तो खोलीच्या मधोमध असा उभा राहिला, जणू कुणी त्याचा सदरा काढून घेतला होता. त्याच्या समोर बायको होती, आई होती, बहीण होती, सासू होती, आणि लपायला कूलरही नव्हता. योगिनीनं काही विचार न करता बाळ त्याच्या हातांत दिलं. ते हात पहिल्यांदाच रिकामे दिसले, म्हणून दिलं, इतकंच.

सरांनी आधी अर्पिताला जवळ बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. अर्पिता डोकं हलवून पळाली. मग सर अविनाशकडं वळले. 

सरांनी हात वर केला नाही. बाळाकडं बोट दाखवून त्यांनी लेकाला विचारलं, "हे कोण?"

एस्तेरताईनं झटकन वर पाहिलं. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, म्हातारपणामुळं सरांचं डोकं सरकलं. पण योगिनीला ते पान पाठ होतं. मिसरात म्हाताऱ्या याकोबापुढं योसेफ आपली दोन पोरं घेऊन उभा राहतो, त्या आसनथची, तेव्हा याकोब हेच विचारतो. हे कोण? आणि योसेफ उत्तर देतो, तेव्हा कुठं म्हातारा हात उचलतो. अविनाशला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यानं आयुष्यात मोटारीच्या माहितीपुस्तिकेशिवाय काही वाचलं नव्हतं. उत्तर योगिनीच्या ओठांवर होतं, अगदी शब्दन् शब्द. आयुष्यात पहिल्यांदा तिला पेपरातला प्रश्न येत होता, आणि पेपर तिचा नव्हता.

ती गप्प राहिली. तिला ते फार जड गेलं.

"कोण म्हणजे?" अविनाश म्हणाला. त्यानं आईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं. मग बाळाकडं पाहिलं आणि त्याचा आवाज जरा चढला. "माझा मुलगा आहे, पप्पा. माझा. देवानं मला इथं दिला. आता इथंच दिला त्याला मी काय करू?"

योसेफही एवढंच म्हणाला होता, माझी मुलं, देवानं मला इथं दिलेली. सरांचे दोन्ही हात खाली आले. बाळाची टाळू त्यांच्या तळव्याखाली पूर्ण झाकली गेली. ते आधी हिब्रूत म्हणाले, मग इंद्रभानांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले, देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा करो. बाळ रडलं नाही. जांभई दिली आणि आजोबांचा अंगठा तोंडात घ्यायला पाहिलं.

"झालं?" अन्नपूर्णाबाईंनी कुजबुजत विचारलं. "आता कोनाचं ठरलं?"

"तुमच्या लेकीचं," सर म्हणाले. त्यांचे हात अजून तिथंच होते. "कायदा होता तिथंच आहे, अन्नपूर्णाबाई. त्याला मी हात लावलेला नाही."

"मंग हे कशाले लावले?"

"बाळ विचारतं आहे का काही?" सर म्हणाले. "नातू आहे. आजोबाचे हात आहेत. याकोबाकडं तरी दुसरं काय होतं?"

एस्तेरताईनं तोंड उघडलं. या गोष्टीवर तिच्याकडं नक्कीच एक उत्तर होतं, बहुधा दोन. तिनं ते गिळलं आणि मलिद्याचं ताट पुढं सरकवलं. मिरियमबाईंनी मूठभर पोहे उचलून आधी योगिनीच्या हातावर ठेवले.

योगिनीला वाटलं होतं, हे झालं की आपण रडू. त्याऐवजी तिला नवी काळजी सुचली.

"पप्पा," ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी पण?"

सरांनी बाळाच्या टाळूवरचा हात थोडा हलवला, काढला नाही.

"तो मोठा होऊन स्वतः मान काढून घेईल तोपर्यंत," ते म्हणाले. "खा."